फणसाच्या लाकडासाठी ड्रिल मशीन घेताना

कुडाळजवळ माझं छोटं वर्कशॉप आहे. फणसाची नाहीतर सागवानाची स्टुलं, भिंतीवरची घड्याळं, अधूनमधून कपाटांची कामं. इतकी वर्षं हँड ड्रिलवर निभावलं, पण स्टुलाच्या बैठकीतली चारही भोकं एकाच कोनात येणं ही नशिबाची गोष्ट होती. एक पाय जरा जास्त फाकला तरी गिऱ्हाइकाची नजर नेमकी तिथेच जाते. हँड ड्रिल अडकवायचा स्टँड एका मित्राकडे वापरून बघितला. हँडल दाबलं की अख्खा स्टँड मागे कलायचा. मग पिलर ड्रिलच, म्हणजे उभ्या खांबावर बसवलेलं ड्रिल मशीन, घ्यायचं ठरवलं. बजेट 20 हजार.

आमच्याकडून यंत्रं बघायला जायचं तर आंबोली घाट चढून कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. तिथे सगळा हिशोब लोखंडाचा. मशीन ओळखतात तेही अर्धा इंची, पाऊण इंची असं, म्हणजे माइल्ड स्टीलमध्ये मोठ्यात मोठं भोक केवढं पडेल त्यावरून. लाकूडकाम करणाऱ्याने या आकड्याला फार भुलू नये. कपाटाच्या ऑटो हिंजसाठी (आपोआप मिटणारी बिजागरी) लागणारा 35 मिमीचा फोर्सनर बिट, म्हणजे रुंद, सपाट तळाचं भोक पाडणारा बिट, अर्धा इंची मशीनही सागवानात आरामात चालवतं, वेग कमी ठेवला की झालं.

खरी मेख वेगातच आहे. तो ठरतो बेल्टच्या पुल्यांवरून, म्हणून एका दुकानदाराला पुलीचे माप विचारलं तर म्हणाला, “लाकूडच हाय न्हवं? कुठलंबी चालतंय की!” आणि एक एचपीचं मशीन दाखवायला लागला. चालतंय, पण मोठा बिट जोरात फिरला की लाकूड कापायच्या आधी जळतं. भोकाच्या कडा काळ्या पडतात, बिटची धार उतरते ती वेगळीच. शेवटी जे घेतलं त्याची मोटर अर्ध्या एचपीची, सिंगल फेज, मिनिटाला 1440 फेऱ्यांची. दोन्ही पुल्या चार पायऱ्यांच्या, 2 ते 5 इंच, एकमेकींच्या उलट बसवलेल्या. मोटरच्या 2 इंचीवरून स्पिंडलच्या (बिट फिरवणाऱ्या दांड्याच्या) 5 इंचीवर बेल्ट टाकला की 576 फेरे मिळतात. पुढच्या पायऱ्यांवर 1080, 1920 आणि 3600. फोर्सनर पहिल्या पायरीवर, 6-8 मिमीचे साधे बिट तिसरीवर. चौथीला मी हात लावत नाही.

दुसरं माप खांबापासून चकच्या, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्याच्या, मध्यापर्यंतचं. माझ्या घड्याळाची चकती 12 इंची, तिच्या मधोमध भोक पाडायचं तर इथे किमान 6 इंच हवेत. पाहिलेल्या अर्धा इंची मशीनमध्ये साडेपाचच भरले. म्हणून पाऊण इंचीकडे वळलो, ताकदीसाठी नव्हे. टेबल तिरकं होतं की नाही हेही बघून घेतलं, कारण स्टुलाचं सगळं गणित त्यावर.

दुकानात रंग आणि नावाची पाटी बघण्यापेक्षा तीन गोष्टी करून बघाव्यात. स्पिंडल पूर्ण खाली घेऊन चक मुठीत धरायचा आणि आडवा हलवायचा. खटखट लागली तर पुढचं मशीन. मग चकमध्ये सरळ सळई धरून मशीन चालू करायचं. टोक एका जागी दिसलं पाहिजे, धूसर गोल दिसला तर काहीतरी वाकडं आहे. तिसरी युक्ती माझ्या आवडीची: जाड तार काटकोनात वाकवून चकमध्ये धरायची, टोक टेबलाला जेमतेम टेकवायचं आणि चक हाताने फिरवायचा. एका बाजूला तार घासते आणि समोर फट पडते, म्हणजे टेबल गुण्यात, बिटशी काटकोनात, नाही. माझ्या मशीनला पुढच्या बाजूला पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट निघाली. दुकानातल्या पोऱ्याने बोल्ट ढिले करून पत्र्याची पट्टी घातली आणि तिथल्या तिथे फट घालवली.

घरी आणल्यावर लोखंडी टेबलावर 18 मिमीचा प्लाय बोल्टने बसवला, मागे लाकूड टेकवायला पुढे-मागे सरकणारी सागवानाची पट्टी. मधला तुकडा बदलता येईल असा सुटा ठेवलाय, त्यामुळे भोक आरपार जाताना खालच्या बाजूला ढलपी उडत नाही. लाकूड नेहमी क्लॅम्पमध्ये, आणि हातमोजे घालून या मशीनवर कुणी काम करू नये. बिट मोज्यासकट बोट ओढून घेतो. शेजारच्या फर्निचरवाल्याने यात राउटरचा (लाकडात खाचा मारायच्या यंत्राचा) बिट लावून खाच मारायचं सुचवलं होतं. मी नको म्हटलं. चक नुसत्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या टोकावर घट्ट दाबून, बसलेला असतो, आडवा जोर आला की निसटून खाली येतो.

आमच्याकडे पावसाळ्यात कोरं लोखंड आठवडाभरात तांबूस होतं. खांबाला तेल आणि टेबलाला मेण लावायला लागतं. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज इतकं उतरतं की मोटर सुरू होताना नुसती घुमते, म्हणून मोठी भोकं सकाळीच उरकतो.