टाके पडलेत, मग अंडं का बंद?

ऊसतोडीत कोयता लागू दे नाहीतर पोटाचं ऑपरेशन होऊ दे, टाके घालून माणूस घरी आला की कोल्हापुरात पहिला हुकूम सुटतो: भात नको, डाळ नको, अंडं तर नकोच, पू होईल. मग पेशंट आठवडाभर पेज आणि चहा-बिस्किटावर. पू होतो जंतूंमुळं. डाळ-अंडी बंद केल्यानं जखम मात्र रखडते.

जखम भरायची म्हणजे शरीराला नवं कोलॅजेन, म्हणजे कातडी सांधणारं धाग्यासारखं प्रथिन, विणावं लागतं. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची साखळी. कोलॅजेनच्या साखळीत दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन असतं, उरलेल्या जागांवर प्रोलिन हे दुसरं आम्ल भरपूर. या प्रोलिनवर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) बसला तरच तीन साखळ्यांचा पीळ टिकतो, आणि तो बसवायला व्हिटॅमिन सी लागतं. तेव्हा ‘आंबट नको’ हे पथ्यही उलटंच. रोज एक पेरू किंवा आवळा खावा.

आर्जिनिन हे आणखी एक अमिनो आम्ल दोन वाटांनी कामी येतं. सुरुवातीला रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यापासून नायट्रिक ऑक्साइड हा जंतू मारणारा वायू बनवतात, पुढं त्याचंच ऑर्निथिन आणि ऑर्निथिनचं प्रोलिन होतं. ग्लुटामिन हे अमिनो आम्ल म्हणजे या पांढऱ्या पेशींचं इंधन. ताटातून मिळालं नाही की शरीर ते स्नायूंतून ओढतं. मोठ्या भाजण्यानंतर मांड्या आणि दंड भराभर सुकतात, त्यात याचा मोठा वाटा.

जखम मोठी किंवा रेंगाळलेली असेल तर किलोमागं रोज 1.25 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं धरतात. 60 किलोच्या माणसाला 75 ते 90 ग्रॅम. हिशेब असा बसतो: दोन अंडी 12, अर्धा लिटर म्हशीचं दूध 18, 100 ग्रॅम कच्चं मटण 18, 60 ग्रॅम तूरडाळ 13, मूठभर शेंगदाणे 7, ज्वारीच्या तीन भाकरी 15. झाले 83. शाकाहारी असाल तर अंडी-मटणाऐवजी 40 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या आणि वाटीभर मोडाची मटकी. भाकरीत लायसिन हे गरजेचं अमिनो आम्ल कमी, ते डाळीत मिळतं, म्हणून दोन्ही हवंच.

आता रश्शाचं. पांढऱ्या रश्शात हाडांचं जिलेटिन, म्हणजे शिजून विरघळलेलं कोलॅजेन, उतरतं, त्यात ग्लायसिन-प्रोलिन असतं हे खरं, पण ट्रिप्टोफॅन हे गरजेचं अमिनो आम्ल अजिबात नाही आणि वाटीत एकूण प्रथिनं थोडीच. पेशंटला नुसता रस्सा पाजून फोडी बाकीच्यांनी खायच्या, हे चुकतं. फोडी त्याच्या ताटात वाढा.

भात-भाकरी तोडली तरी घोटाळा होतो. किलोमागं 30 ते 35 कॅलरी गेल्या नाहीत तर खाल्लेली प्रथिनं इंधन म्हणून जळतात. शुगरवाले भीतीपोटी जेवणच अर्धं करतात. त्यापेक्षा डॉक्टरांकडून औषधाचा डोस जुळवून घ्यावा. किडनीचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं. आर्जिनिनची पावडर दुकानातून परस्पर आणू नये: हार्ट अटॅकनंतर ती दिलेली एक चाचणी मृत्यू वाढल्यानं मध्येच थांबवावी लागली, तिचे निष्कर्ष 2006 साली आले.

आणि तळपायाची जखम असलेल्या शुगरच्या पेशंटचं काम आहारानं भागत नाही. चपलेचा दाब काढायचा, पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्यायचा. दर आठवड्याला जखमेची लांबी-रुंदी मोजून लिहून ठेवा. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ (लांबी गुणिले रुंदी) निम्म्यानं आक्रसलं नाही तर तेच ड्रेसिंग रेटत न बसता सर्जनला दाखवा.