कोणार्क एक्स्प्रेसने वैजाग (विशाखापट्टणम): माझा अनुभव

नारळी पौर्णिमेला सोलापुरात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, अख्खा पूर्व भाग रस्त्यावर असतो. समुद्र मात्र इथून शेकडो किलोमीटर लांब. आईची साठी उलटली तरी तिने तो पाहिला नव्हता. कोकणात जायचं तर घाटात तिला एसटी लागते. शेवटी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "वैजागला चला की. कोणार्क इथनंच जाते. भाषेचं माझ्यावर सोडा." वहिनींचं माहेर-सासर दोन्ही पद्मशाली, म्हणजे मूळच्या तेलुगू विणकर समाजातलं, घरात सगळा कारभार तेलुगूत. मीही निर्धास्त झाले.

गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, उरकल्यावर, जानेवारीच्या शेवटी निघायचं ठरलं. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी आठ वाजता मोबाईल घेऊन बसले, तिघींचं एकच तिकीट काढलं, कन्फर्म मिळालं, आणि फुशारकी मारत आईला दाखवलं. आईला वरचा बर्थ होता! 45 वर्षांवरच्या बायकांना खालच्या बर्थचा कोटा असतो हे मला माहीत होतं. पण एका तिकिटावर एक किंवा दोघीच असाव्या लागतात आणि दोघीही वयात बसाव्या लागतात, हे नंतर कळलं. आई आणि वहिनींचं तिकीट वेगळं काढलं असतं तर प्रश्नच नव्हता. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 पासून बंदच आहे, त्यामुळे आईच्या भाड्यातही काही वाचलं नाही.

गाडी मुंबईहून भरून येते. सोलापूरला ती रात्री येते तेव्हा निम्मा डबा घोरत असतो. आमच्या खालच्या बर्थवर सिकंदराबादला जाणारा एक मुलगा होता. आईने गुडघ्यावर हात ठेवून एकदा वर पाहिलं, एकदा त्याच्याकडे. तो काही न बोलता वर चढला. तिने त्याला शेंगाचटणी आणि कडक भाकरी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजमहेंद्रीला गोदावरी आली. नाशिकला रामकुंडावर पाहिलेली तीच नदी. पूल संपेचना तेव्हा आईने हातातलं नाणं टाकायचं थांबून मला विचारलं, "हाच का समुद्र?" मी हसले नाही. पाणी खरोखरच तेवढं होतं.

संध्याकाळी वैजागला उतरलो आणि वहिनींनी पदर खोचून रिक्षा ठरवायला घेतली. "एंत?" म्हणजे किती, इथपर्यंत ठीक होतं. पुढच्या दोन वाक्यांत रिक्षावाला हसायला लागला. "तेलंगाणा?" त्याने विचारलं. वहिनी म्हणाल्या, "सोलापूर." पिढ्यान् पिढ्या मराठीत मुरलेलं त्यांचं तेलुगू त्याला अर्धंच कळत होतं, आणि त्याचं भरभर तेलुगू यांना. भाडं अखेर हिंदीत ठरलं. वहिनी लॉजपर्यंत गप्प.

समुद्राला सूर्य मावळायला जायचं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे तो समुद्रातून उगवतो. पहाटे पाचला आईला उठवून आर. के. बीचवर नेलं, घरून आणलेली चादर वाळूवर अंथरली. अंधारात आधी नुसता आवाज, मग राखाडी रेघ, मग डाव्या हाताला डोंगर दिसू लागला. आई बराच वेळ बोलली नाही. नंतर म्हणाली, "हे सारखं असंच चालू असतं?" पाण्यात मात्र घोट्यापर्यंतच जावं. ओढ जबरदस्त आहे, तसे फलकही लावलेत.

मला या शहराचं आवडलं ते हे, की इथला समुद्र पाहुण्यांसाठी वेगळा काढून ठेवलेला नाही. बंदर आहे, नौदल आहे, पोलाद कारखाना आहे, आणि दिवसभराचं काम संपवून माणसं त्याच किनाऱ्यावर येऊन बसतात. आपण सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसतो तसंच. हातात मुरी मिक्श्चर, म्हणजे चुरमुऱ्यांची भेळच, पण चिंचगुळाच्या पाण्याशिवाय. आईला ती कोरडी लागली.

कुरसुरा पाणबुडीसाठी दोन फेऱ्या पडल्या. पहिल्यांदा गेलो तो नेमका सोमवार, सुट्टीचा. दुसऱ्या दिवशी गेलो. सोव्हिएत बनावटीची ही पाणबुडी 1969 साली आपल्या नौदलात आली, 2001 मध्ये निवृत्त झाली आणि आता वाळूवर उभी आहे, 91 मीटर लांब. एका टोकाने आत शिरायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर. मधली दारं गोल, भोकासारखी, एकेक पाय टाकून वाकून जावं लागतं. गुडघेदुखीवाल्यांनी आधीच विचार करावा. आई पहिल्या दारापाशी थबकली, मग पाठीमागच्या रांगेने तिला पुढे जाण्यावाचून पर्यायच ठेवला नाही. टॉर्पेडोच्या शेजारीच खलाशांच्या झोपायच्या फळ्या. ते बघून ती म्हणाली, "वरच्या बर्थचं उगाच मनाला लावून घेतलं."

कैलासगिरीला रोपवेने जावं. वरून किनाऱ्याची वळणदार कड एका नजरेत येते, तेवढ्यासाठीच. सिंहाचलमचा नरसिंह वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असतो, मूळ रूप फक्त अक्षय्य तृतीयेला दिसतं, हे वहिनींनी पुजाऱ्यांकडून काढून आणलं. तेलुगूत! तोवर त्यांची गाडी रुळावर आली होती. अरकूच्या डोंगरातली रेल्वे राहिली. त्यासाठी एक पूर्ण दिवस हवा आणि आमच्याकडे तो कुरसुराच्या सोमवारी गेला.

परतीची तिकिटं मी दोन वेगवेगळी काढली होती. आईला खालचा बर्थ मिळाला, मला तिसऱ्या डब्यातला वरचा.

वहिनी आता घरात सासूबाईंचे तेलुगू उच्चार सुधारतात. सासूबाईंनी परवा विचारलं, "समुद्र बघायला गेली होतीस का शिकवणीला?"