‘आमची टेबलं दे’ एवढंच मागितलं होतं

डेटाबेस कुठलाही असो, कोड एकच, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या लायब्ररीवरचा माझा राग अजून उतरलेला नाही. कनेक्शन जुळलं, क्वेरी चालल्या, ट्रान्झॅक्शनही सुरळीत. त्यात सांगण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते एका साध्या मागणीवर: या डेटाबेसमधली फक्त आमची टेबलं दे. टेस्ट संपली की ती रिकामी करायची होती, त्यामुळे एकही परकं टेबल यादीत येऊन चालणार नव्हतं.

लायब्ररी आतून जेडीबीसीचं (जावामधून डेटाबेसशी बोलायची ठरलेली पद्धत) गेटटेबल्स हे टेबलांची यादी देणारं फंक्शन वापरते. त्यात शेवटी प्रकार द्यायचे असतात: ‘टेबल’, ‘व्ह्यू’, ‘सिस्टिम टेबल’ वगैरे. नुसतं ‘टेबल’ मागितलं की सिस्टिमची, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या कामाची, टेबलं आपोआप गळावीत. पोस्टग्रेसवर गळलीही, कारण पीजी_कॅटलॉग आणि इन्फर्मेशन_स्कीमा या त्याच्या स्वतःच्या दोन्ही स्कीमांतली (स्कीमा म्हणजे टेबलांचा गट) टेबलं त्याचा ड्रायव्हर, म्हणजे जेडीबीसीला त्या डेटाबेसशी जोडणारा कोड, वेगळ्या प्रकारात टाकतो. तोच कोड ओरॅकलवर चालवला तर ओरॅकलच्याच सिस स्कीमातलं डुअल हे टेबल यादीत हजर, आणि प्रकार चक्क ‘टेबल’! म्हणजे ‘सिस्टिमचं’ कशाला म्हणायचं हे ड्रायव्हर ठरवणार, आणि लायब्ररी ते उत्तर जसंच्या तसं आपल्या हातात ठेवणार.

बरं, ड्रायव्हर शहाणा असला तरी सुटका नाही. पोस्टजीआयएस (पोस्टग्रेससाठीचं नकाशाच्या डेटाचं एक्स्टेन्शन) बसवलं की स्पॅशियल_रेफ_सिस हे निर्देशांक-पद्धतींचं टेबल येतं, बहुतेक वेळा पब्लिक स्कीमात, आपल्या टेबलांना खेटून. डेटाबेसच्या दृष्टीने ते साधं टेबलच. ते रिकामं करा आणि मग एका निर्देशांक-पद्धतीतून दुसरीत नेणारं एसटी_ट्रान्सफॉर्म हे फंक्शन चालवून बघा! एसक्यूएल सर्व्हरवर डायग्राम काढायला घेतला की सिसडायग्राम्स नावाचं टेबल तयार होतं, तेही असंच साळसूद. एसक्यूलाइटमध्ये ऑटोइन्क्रिमेंट (आपोआप वाढणारा क्रमांक) लिहिलं की शेवटचा क्रमांक लक्षात ठेवणारं एसक्यूलाइट_सीक्वेन्स हे टेबल जन्माला येतं. ते ड्रॉप करता येत नाही, पण त्यातल्या ओळी मात्र खुशाल पुसता येतात, आणि क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

याउलट आपलंच टेबल गायब होण्याचीही सोय आहे. पोस्टग्रेसच्या नव्या ड्रायव्हरमध्ये पार्टिशन केलेल्या, म्हणजे तुकड्यांत विभागलेल्या, मूळ टेबलाचा प्रकार ‘पार्टिशन्ड टेबल’ असा येतो. नुसतं ‘टेबल’ मागितलं तर पोरं दिसतात, बाप दिसत नाही.

शेवटी लायब्ररीचा नाद सोडून प्रत्येक डेटाबेससाठी वेगळी गाळणी लिहिली. ओरॅकलमध्ये १२सी पासून ऑल_यूझर्स या यूझरांच्या यादीत (तिथे प्रत्येक यूझरचा एक स्कीमा असतो) ओरॅकल_मेन्टेन्ड हा कॉलम आहे, त्यावरून ओरॅकलचे स्वतःचे स्कीमा बाजूला काढता येतात. एसक्यूलाइटमध्ये ‘एसक्यूलाइट_’ने सुरू होणारी नावं राखीवच आहेत, ती सरळ वगळा. एक्स्टेन्शन आणि टूल्सनी आणलेल्या टेबलांची यादी मात्र हातानेच ठेवली. दिसायला गबाळं आहे, पण कुठलं टेबल का वगळलं हे निदान वाचता येतं.

हो, आणि गेटटेबल्सला द्यायचं स्कीमाचं नाव नलच्या, म्हणजे मूल्यच न देण्याच्या, भरवशावर सोडू नका. नल म्हणजे ‘कुठलाही’, रिकामी स्ट्रिंग म्हणजे ‘स्कीमा नसलेली’. दोन्ही एकच समजलात की दिवस गेला. मायएसक्यूएलचा ड्रायव्हर तर डेटाबेसच्या नावाला मुळात कॅटलॉग मानतो, आणि गेटटेबल्समध्ये कॅटलॉग स्कीमाच्या आधी द्यायचा असतो, त्यामुळे तिथे नाव पहिल्या जागी. नावातला अंडरस्कोअरही जपा: तो पॅटर्नमध्ये ‘कुठलंही एक अक्षर’ असतो, म्हणून ऑर्डर_लॉग मागितलं की ऑर्डर२लॉगही येतं. ‘हा खराच अंडरस्कोअर’ असं सांगणारं एस्केपचं अक्षर ड्रायव्हरलाच विचारा, गेटसर्चस्ट्रिंगएस्केप त्यासाठीच आहे.

आणि हे सगळं अ‍ॅडमिनच्या लॉगिनने तपासू नका. पोस्टग्रेसचा इन्फर्मेशन_स्कीमा फक्त परवानगी असलेली टेबलं दाखवतो, त्यामुळे अ‍ॅप ज्या लॉगिनने चालतं त्यानेच यादी काढून बघा.