तुम्ही विचारलंत म्हणून: मी असले सिनेमे का बघते

हा प्रश्न मला दोन बाजूंनी येतो. नातेवाईक म्हणतात, ‘घरात रोज दिवा लागतो, नवरात्र बसतं, आणि तू देवाधर्माची विटंबना करणारे ते भुताचे सिनेमे काय बघतेस?’ चळवळीतले मित्र म्हणतात, ‘शिकलेली बाई तू, अंधश्रद्धेचा हा माल तुला चालतो कसा?’ ‘आवड एकेकाची’ म्हणून मी आजवर दोघांनाही टाळलं. आता एकदा सगळं सांगून टाकते.

सिनेमे कुठले तेही सांगते: कमी पैशांत काढलेले ‘फाउंड फुटेज’ भयपट. हलता कॅमेरा, अनोळखी नट, कुणाचं तरी सापडलेलं चित्रीकरण असल्याचा आव, आणि मुळाशी एखादी धर्मकथा.

आधी विटंबनेबद्दल. गीतेचा अकरावा अध्याय पाठ असणाऱ्यांनी तरी हा आरोप करू नये. अर्जुन स्वतःहून विश्वरूप बघायला मागतो. दिव्य दृष्टी मिळते आणि त्या दाढांमध्ये चिरडलेली मस्तकं दिसतात, तेव्हा तो म्हणतो, ‘अदृष्टपूर्वं हृषितोऽस्मि दृष्ट्वा भयेन च प्रव्यथितं मनो मे’. हर्ष आणि भय एकाच श्लोकात. लगेच तो नेहमीचं चतुर्भुज रूप परत मागतो. देवाच्या दारात भीती आधीपासून होती, सिनेमावाल्यांनी ती आणलेली नाही.

आणि पैसे कमी असले की विश्वरूप दाखवता येत नाही, हे मला या सिनेमांचं बळ वाटतं. ओरेन पेलीने ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ सुमारे 15,000 डॉलरमध्ये, स्वतःच्याच घरात, आठवडाभरात चित्रित केला. त्यातला सैतान दिसत नाही. दार हलतं, जमिनीवर टाकलेल्या पावडरीत पावलं उमटतात. 2013च्या ‘द बॉर्डरलँड्स’मध्ये व्हॅटिकनने पाठवलेली माणसं डोक्याला कॅमेरे लावून इंग्लंडमधल्या डेव्हनच्या एका जुन्या चर्चमधला चमत्कार तपासायला जातात, आणि चर्चच्या खाली उतरत जातात तसा माझा श्वास कोंडतो. उलट ‘जेरुझालेम’ (2015) बघा. नरकाचं एक दार जेरुसलेममध्ये आहे, तालमुद या ज्यू धर्मग्रंथातल्या या वचनावर तो उभा आहे. जुन्या शहराच्या गल्ल्या स्मार्ट चष्म्यातून दिसतात तोवर मी घट्ट बसून होते. पंखवाले राक्षस समोर आले आणि माझी भीती संपली.

मित्रांचा आक्षेप जास्त अवघड आहे. तुर्कस्तानात हसन काराजादा या दिग्दर्शकाची ‘दाब्बे’ नावाची सिनेमांची मालिका आहे. नाव कुराणातून घेतलेलं; सूरा 27, आयत 82मध्ये जमिनीतून निघून माणसांशी बोलणारा जो जीव येतो, तो. 2013च्या भागात एक मानसोपचारतज्ज्ञ बाई मांत्रिकाचे उपचार चित्रित करायला कॅमेरा घेऊन जाते. बाधा झालेली मुलगी तिचीच मैत्रीण असते. सिनेमात जिन्न खरे ठरतात, विज्ञान हरतं. असला सिनेमा बघून कुणी आपल्या मुलीला डॉक्टरऐवजी मांत्रिकाकडे नेलं तर? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आणि तो मला तुमच्याकडून कळायची गरज नव्हती.

माझी चुलतबहीण बाळंतपणानंतर झोपेनाशी झाली. बाळाला जवळ घेईना, कोपऱ्याकडे बघत बोलायची. घरात ठरलं की बाहेरचं झालंय. देवऋषी बोलावला. मी तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला होते. मला कळलं ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या व्हिडिओतून. खोलीत धूर, उंबऱ्यावर लिंबू, तिचे केस सोडलेले, कपाळभर भंडारा. तो माणूस ‘कोण आहेस, सांग’ म्हणून ओरडतोय आणि काकू हात जोडून रडतेय. चित्र हलत होतं, मधेच छताकडे जात होतं, मग कुणीतरी फोन सावरत होतं. आणि कॅमेऱ्यामागून आमच्याच घरातल्या पोराचा आवाज आला, हळू, लाडिक: ‘ताई, इकडे बघ ना.’ तिने बघितलं. त्या नजरेबद्दल मी काही लिहिणार नाही.

जादूटोणाविरोधी कायदा 2013मध्येच झाला होता, हे सगळं त्यानंतरचं. मित्र विचारतात, तक्रार का नाही केली? कुणावर करायची? काकूवर? पुढे तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, औषधं सुरू झाली, ती सावरली. बाळ आता शाळेत जातं. बरी झाल्यावर तिने मला पहिला प्रश्न केला तो देवऋषीबद्दल नव्हता. ‘तो व्हिडिओ अजून कुणाकुणाकडे आहे गं?’ हा मजकूर तिला वाचून दाखवून, तिच्या परवानगीने लिहिते आहे.

असं असताना त्यानंतर मी हे सिनेमे सोडायला हवे होते, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पूर्वी मी फक्त भुतासाठी बघायची. तेव्हाच्या मला पुढची गोष्ट समजली नसती. आता मी बघते ते कॅमेरा धरणाऱ्याकडे. या प्रकारात तो लपून राहू शकत नाही. चित्र दिसतंय म्हणजे कुणीतरी मदतीला न जाता उभं राहून ते टिपतंय.

2021चा थाई सिनेमा ‘द मीडियम’ म्हणूनच मला इतका महत्त्वाचा वाटतो. इसान भागातल्या एका घराण्यातल्या बायकांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या बायान देवी येते. सध्या ती निमच्या अंगात येते. थोरल्या बहिणीने देवी टाळण्यासाठी ख्रिस्ती धर्म धरलेला. भाची मिंक बदलू लागते आणि निमवर माहितीपट करायला आलेले लोक तिच्यामागे लागतात. कुणी कुणाला बघू नये अशा अवस्थेतही कॅमेरा तिला सोडत नाही. आणि अगदी शेवटी निमची जुनी मुलाखत येते. ती रडत सांगते, देवी खरंच माझ्यात होती का, याची मला कधीच खात्री नव्हती.

हा सिनेमा बहिणीने हट्टाने माझ्याबरोबर बघितला. निमचं बोलणं मला सगळ्यांत खरं वाटलं. तिला ते अजिबात पटलं नाही. ‘मला शंका नव्हती. कोपऱ्यात मला दिसत होतं. गोळ्यांनी ते गेलं, म्हणून ते नव्हतंच असं तू कशावरून म्हणतेस?’ मी म्हटलं, आजारात तसं दिसतं. ‘असेल,’ ती म्हणाली. ती गोळ्या चुकवत नाही, आणि कुलदेवीची ओटी भरायलाही घरात तीच पुढे असते.

माहितीपटवाल्यांवरून मात्र आमचं अजून भांडण आहे. तिचं म्हणणं, शेवटी त्या लोकांना मारून टाकलं म्हणून काय झालं, त्याआधी दोन तास मिंकची फरफट आपल्याला दाखवलीच ना, आणि आपण बघितलीच ना. माझं म्हणणं, तसं बघायला लावलं नसतं तर त्या लोकांचा राग आलाच नसता. ती म्हणते, तुला राग यावा म्हणून मिंकने किती सोसायचं? मी म्हणते, मिंक नटी आहे, घरी गेली असेल. ‘हो,’ ती म्हणते, ‘पण बघणाऱ्यांतल्या कुणाच्या घरी खरी असेल.’