तुम्ही विचारलंत म्हणून: पीआरचा हट्ट

"कंपनी ऑस्ट्रेलियाचा वर्क व्हिसा देतेय, तिकिटं देतेय, आणि हे म्हणे पीआर आल्याशिवाय जाणार नाहीत!" नाशकात अंबडच्या कॅन्टीनमध्ये, गंगापूर रोडच्या लग्नांत, सासुरवाडीला, सगळीकडे हेच. (पीआर म्हणजे तिकडे कायम राहण्याची परवानगी.) म्हणून एकदाच लिहितो. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर हेच पाठवून देईन.

मी मेलबर्नला पहिल्यांदा गेलो तो वर्क व्हिसावरच, 482 वर, म्हणजे कंपनीने काढून दिलेल्या तात्पुरत्या व्हिसावर. तेव्हा मीच लोकांना ऐकवायचो, की पीआरच्या रांगेत नाशकात बसून म्हातारं होण्यापेक्षा तिकडे जाऊन कामाला लागा, पीआरसाठी जे गुण मोजतात त्यात तिथल्या अनुभवाचेही गुण मिळतात. ते आजही खरं आहे. डिपेंडंट व्हिसावर बायकोलाही नोकरी करता आली, पॅथॉलॉजी लॅबमध्ये. छान चाललं होतं.

फेब्रुवारी 2020 मध्ये मेहुण्याचं लग्न झालं. मी लग्नापुरता येऊन परतलो, बायको आणि मुलगी जरा राहणार होत्या. 20 मार्चच्या रात्री ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केली. नागरिक, पीआरवाले आणि त्यांची जवळची माणसं यांना मुभा, बाकीच्यांना नाही. आमच्याच मजल्यावर एक पंजाबी जोडपं राहायचं. नवरा माझ्याच कंपनीत, माझ्याच हुद्द्यावर. त्याचेही बायको-मुलगा जालंधरला अडकलेले, पण त्यांचा पीआर होता. त्यांना विमान मिळालं, हॉटेलात चौदा दिवस विलगीकरण झालं, आणि एका संध्याकाळी कामावरून येताना त्यांच्या दाराबाहेर मला लहान मुलाचे बूट दिसले. एक उलटा पडलेला.

मी तेव्हा बायको-मुलीला सीमाबंदीतून सवलत मिळावी म्हणून अर्ज भरत होतो. लग्नाचा दाखला, जन्मदाखला, भाडेकरार, पगाराच्या स्लिपा. शेवटी कारण लिहायची चौकट. 'मुलगी चार वर्षांची आहे' हे कारण होत नाही, हे पहिला नकार आला तेव्हा कळलं. मग बायकोची लॅबमधली नोकरी किती गरजेची आहे ते लिहिलं. तेही चाललं नाही. गंमत म्हणजे मला जायला कोणी अडवत नव्हतं, गेलो तर परत येता येणार नव्हतं एवढंच. पीआरवाल्यांचं उलटं, त्यांना देशाबाहेर पडायलाच परवानगी लागायची. मुलगी सुरुवातीला फोनवर रडायची. नंतर नंतर आजीने फोन पुढे केला की म्हणायची, "बाबांना सांग, मी जेवतेय."

2021 च्या सुरुवातीला घरातलं सामान मिळेल त्या भावात विकलं आणि नाशिकला आलो. वर्क व्हिसावाल्यांना दार उघडलं ते त्या वर्षीच्या 15 डिसेंबरला. तोवर इथे नोकरी लागली होती, मुलगी शाळेत रुळली होती.

(सासरे नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेत. आपले पासपोर्ट तिथेच छापतात. ते म्हणतात, "पुस्तक आमचं, पण आत कोण घेणार ते दुसरेच ठरवतात.")

तर पीआर मिळाला की काही होत नाही का? असं मी म्हणत नाही, कारण म्हटलं की बायको लगेच मे 2021 काढते. तेव्हा भारतात अडकलेल्या स्वतःच्या नागरिकांनाही ऑस्ट्रेलियाने 3 ते 15 मे येऊ दिलं नव्हतं, वर तुरुंगाची तंबी. तिचा दुसरा मुद्दा असा, की पूर्वी या वर्क व्हिसावर नोकरी सुटली तर दुसरी शोधायला साठ दिवस मिळायचे, जुलै 2024 पासून एका वेळी 180 मिळतात. मी मेडिकेअर, म्हणजे पीआरवाल्यांना मिळणारी तिथली सरकारी आरोग्यसेवा, काढतो, कंपनीच्या मर्जीवर राहणं काढतो. मग ती म्हणते, "अडकले मी, आणि घाबरलास तू." यावर काय बोलणार? तिला ती लॅब परत हवी आहे, आणि ते हवं असणं रास्तच आहे.

शिवाय हिशेबही माझ्या बाजूने नाही. तेहतीस ते एकोणचाळीसपर्यंत वयाचे 25 गुण मिळतात, चाळीस लागले की 15. मला लवकरच चाळीस लागतील. अर्जाला किमान 65 गुण लागतात, पण तेवढ्यावर बोलावणं येतंच असं नाही. म्हणजे मी जितका थांबतो तितका पीआर लांब जातो. हे मला कळतं हो, कॅन्टीनमध्ये समजावून सांगायची गरज नाही.

पण तो नकाराचा मेल मी अजून डिलीट केलेला नाही. पुन्हा त्याच व्हिसाच्या कागदांवर सही करायची म्हटलं की हात आखडतो. याला तुम्ही भीती म्हणा, नाहीतर शहाणपण म्हणा. मी रोज वेगळं म्हणतो.

कंपनीला महिनाअखेरपर्यंत उत्तर हवंय. बायकोने मला न विचारता मुलीच्या शाळेत दाखल्याची चौकशी करून ठेवली आहे.