मेलेल्या बर्बनचं नाव परत आणताना

बंद पडलेल्या बर्बनचं, म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेल्या अमेरिकन व्हिस्कीचं, नाव मिळवणं हा या धंद्यातला सगळ्यात सोपा भाग. अमेरिकेत एखादा ट्रेडमार्क सलग तीन वर्षं वापरात नसला, तर मालकाने तो सोडून दिला असं धरलं जातं. तसं नाही हे दाखवणं मग मालकाच्या गळ्यात. आमचं नाव तर नोंदवहीत केव्हाचं ‘डेड’ पडलं होतं. वकीलबाईंनी अर्ज टाकला, कुणी हरकत घेतली नाही आणि केंटकीतल्या एका जुन्या डिस्टिलरीचं नाव लुइव्हिलमधल्या आमच्या चिमुकल्या कंपनीच्या पदरात पडलं. ते नाव इथे लिहीत नाही, गुंतवणूकदारांशी तसा करार आहे.

नाव आलं, पण त्यामागे काहीच नव्हतं. धान्याचं प्रमाण नाही, यीस्ट नाही, एक पिंपसुद्धा नाही. 1920 ते 1933 ची दारूबंदी या ब्रँडने कशीबशी काढली होती. सत्तरच्या दशकात गिऱ्हाईक व्होडकाकडे वळलं आणि याचा कारभार आटोपला.

मी मूळचा सांगलीकडचा. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल टेक्नॉलॉजी शिकलो आणि मळीपासून स्पिरिट करणाऱ्या डिस्टिलरीत नोकरीला लागलो. तिथे स्पिरिट जितकं बेचव तितकं चांगलं. इथे नेमकं उलटं. बर्बनमध्ये किमान 51 टक्के मका हवा, ती 80 टक्क्यांच्या वर गाळायची नाही म्हणजे धान्याची चव उरते, आणि आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपातच ती मुरवायची. वरून रंग-वास घालायची सोय नाही. ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या पिंपांतली व्हिस्की मिसळणारा, म्हणून माझ्याकडे काम आलं ते असं: जुन्या बाटलीतली चव शोध, आणि आज बाजारात मिळणाऱ्या पिंपांतून तिच्या जवळ जा.

म्हणजे आधी जुनी बाटली हवी. 2018 पासून केंटकीतल्या परवानाधारक दुकानांना लोकांच्या घरात पडून राहिलेल्या, न उघडलेल्या जुन्या बाटल्या विकत घेऊन विकता येतात. त्यामुळे माल उघडपणे मिळतो, पण रिकामी बाटली भरून विकणारेही आहेतच. बाटली वाचायला मला शिकवलं आमच्या ओळखीच्या एका संग्राहकाने. झाकणावरून गेलेली कराची पट्टी आधी बघायची. बॉटल्ड-इन-बॉण्डला (बॉण्डेड गोदामात मुरवून ठरावीक कायद्याप्रमाणे भरलेल्या व्हिस्कीला) हिरवी, बाकीच्यांना लाल. 1985 नंतर पट्टी गेली. काचेवर ‘फेडरल लॉ फॉरबिड्स सेल ऑर री-यूज ऑफ धिस बॉटल’ अशी उठावाची ओळ असेल, तर बाटली साधारण 1935 ते 1964 मधली. माप ‘4/5 क्वार्ट’ असेल तर 1980 च्या आधीची. तळाला काचकारखान्याच्या खुणेजवळ वर्षाचे आकडे असतात. एवढं सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे. एकही धागा सुटला तर पैसे खिशातच ठेवायचे.

आम्हाला मिळाली ती हिरव्या पट्टीची. 1952 च्या वसंतात गाळलेली, 1957 च्या शरदात भरलेली. पातळी खांद्याच्या खाली उतरली होती. पत्र्याचं झाकण फिरवलं, तर आतली पुठ्ठ्याची चकती सुकून तोंडाला चिकटलेली. ती चिमट्याने तुकड्यातुकड्याने काढली आणि कॉफीच्या कागदातून गाळून घेतली. पहिला वास ओल्या तळघराचा. ग्लास तसाच ठेवून दिला. थोड्या वेळाने तळघर गेलं, जायफळ आलं, चामडं आलं, आणि मग कढईच्या काठाला जरा लागलेल्या काकवीसारखा जो वास आला, त्यावर मी बराच वेळ काही बोललोच नाही. जिभेवर दाट, आणि 50 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असूनही घशाला चटका नाही. मशीनवर नमुना चालवला. एस्टर, आम्लं, लाकडातून उतरलेले घटक, सगळ्यांचे आकडे मिळाले. मका किती, राय हे दुसरं धान्य किती हे मात्र त्या आकड्यांतून निघालं नाही. फिल्सन हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहात जाहिराती पाहिल्या, सॅनबॉर्नच्या विम्याच्या नकाशांवर गोदामंही सापडली. धान्याचं प्रमाण तिथेही नव्हतं.

त्या दाटपणाचं एक कारण कायद्यात सापडलं. 1962 पर्यंत व्हिस्की पिंपात भरताना ती 110 प्रूफच्या, म्हणजे 55 टक्क्यांच्या वर चालत नसे. मग ती मर्यादा 125 प्रूफ झाली, 62.5 टक्के. लाकडातली साखर पाण्यात जास्त उतरते, अल्कोहोलमध्ये कमी. शिवाय कमी तीव्रतेवर भरलेल्या व्हिस्कीत बाटली भरताना पाणी कमी घालावं लागतं. मर्यादा वाढवून घेण्यामागे हिशेब साधा होता: तितकंच अल्कोहोल 55 वर भरायचं, तर सात पिपांऐवजी आठ लागतात. मेकर्स मार्क अजून 110 वरच भरतात, मिक्टर्स तर 103 वर. बाहेर विक्रीला येणारी बहुतेक पिंपं मात्र 125 च्या जवळची. ‘डस्टी’, म्हणजे धूळ खात पडलेल्या जुन्या बाटल्यांची चव आता का येत नाही, याची गूढ उत्तरं संग्राहक आवडीने देतात. माझ्या मते निम्मं गूढ या एका आकड्यात आहे.

पिंपांचे नमुने मागवले. केंटकीच्या उन्हाळ्यात देवदूतांचा वाटा (पिंपातून उडून जाणारी व्हिस्की) दरसाल तीनचार टक्के तरी जातो, त्यामुळे जुनी पिंपं महाग आणि अर्धी रिकामी. त्यातली बरीचशी नुसत्या लाकडाची लागली. जायफळाच्या जवळ नेणारा नमुना निघाला इंडियानातल्या लॉरेन्सबर्गचा, 36 टक्के राय असलेला. आणि इथून आमच्या कंपनीतच भांडण सुरू झालं.

वेगवेगळ्या डिस्टिलरींची पण सगळी केंटकीचीच पिंपं मिसळली, तर लेबलवर ‘केंटकी स्ट्रेट बर्बन’ लिहिता येतं (स्ट्रेट म्हणजे वरून काही न घालता किमान दोन वर्षं मुरलेली). एक पिंप जरी इंडियानाचं आलं, तर ‘ब्लेंड ऑफ स्ट्रेट बर्बन व्हिस्कीज’ लिहावं लागतं. अमेरिकेत ‘ब्लेंडेड व्हिस्की’ म्हणजे 20 टक्के स्ट्रेट आणि उरलेलं न्यूट्रल, म्हणजे बेचव, स्पिरिट असलं तरी चालतं, त्यामुळे ‘ब्लेंड’ दिसलं की संग्राहक नाक मुरडतो. आमच्यात एक थेंब न्यूट्रल नव्हता, पण हे दुकानात कोण समजावणार? भागीदार म्हणाला, इंडियाना काढून टाक. काढून पाहिलं. ग्लासात बर्बन होती, पण त्या बाटलीशी तिचं नातं काही उरलं नव्हतं. मी अडून बसलो. शेवटी ‘ब्लेंड’ राहिलं, आणि दोन्ही राज्यांची नावं मागे बारीक अक्षरात टाकण्याऐवजी पुढेच छापली. टेम्पलटन राय नावाची व्हिस्की आयोवाची म्हणून विकली जात होती, गाळलेली इंडियानात. 2015 मध्ये त्यांना खटल्यात तडजोड करावी लागली. ते लोक विसरलेले नाहीत.

स्थापनेच्या वर्षावरूनही झालंच. मार्केटिंगवाल्याला लेबलवर एकोणिसाव्या शतकातलं साल ठळक हवं होतं. वकीलबाईंनी विचारलं, “तेव्हापासून आजपर्यंत कोण गाळत होतं? तुम्ही?” साल गेलं. मला तर हायसं वाटलं. आजोबांच्या पाककृतीच्या बनावट कहाण्यांचा या धंद्यात सुकाळ आहे. मग टीटीबीकडे, म्हणजे दारूची लेबलं तपासणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याकडे, लेबल मंजुरीसाठी गेलं, फॉर्मातल्या किरकोळ दुरुस्तीसाठी परत आलं, पुन्हा गेलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

विक्रीच्या दिवशी दुकानात ठरावीक मंडळी जमली. पहिल्याने बाटली हातात घेतली, पुढचं चित्र न बघता उलटी केली आणि विचारलं, “ज्यूस कुणाचा?” म्हणजे आतली व्हिस्की गाळली कुणी. पुढे लिहिलंय म्हटल्यावर तो जरा गडबडला. दुसऱ्याने चव घेऊन सांगितलं की मूळ बाटलीच्या जवळ आहे, पण मधला भाग पातळ आहे. बरोबर बोलला. तो पातळपणा 125 प्रूफचा.

म्हणून आता एका डिस्टिलरीकडून आमच्या धान्याची व्हिस्की गाळून घेऊन 110 वर भरली आहे. आठव्या पिपाचे पैसे आमचे, या अटीवर ते कबूल झाले. बॉटल्ड-इन-बॉण्ड म्हणायचं तर 1897 च्या कायद्याप्रमाणे एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, किमान चार वर्षं बॉण्डेड गोदामात मुरलेली आणि 100 प्रूफवर भरलेली हवी. चार वर्षं व्हायला अजून वेळ आहे. मार्केटिंगवाल्याने आत्ताच हिरव्या पट्टीची नक्कल छापून घ्यायची का म्हणून विचारलंय. मी नाही म्हणून कळवलं.