मॅन मेड, मानवनिर्मित आणि आज्जीचं 'येतो'

सांगली, रविवार, रात्री साडेअकरा

आज परत तोच विषय निघाला. आमचा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचा, ग्रुप तसा छोटाच, सांगली-मिरज-कुपवाड मिळून नऊ जण, त्यात मुली आम्ही दोघी. सकाळी मी कुपवाड रोडची एक पाण्याची टाकी नकाशात जोडली आणि ग्रुपवर सांगितलं, तर दुसरीनं विचारलं की टाकीला टॅग (वस्तू कुठल्या प्रकारची ते सांगणारी खूण) मॅन मेड, कारखान्याच्या चिमणीला मॅन मेड, विहिरीलापण मॅन मेड, मग ह्युमन मेड का नको? झालं, जेवणं होईपर्यंत सगळे त्याच्यातच.

एकाचं म्हणणं, टॅग ही मशीनसाठीची खूण आहे, तिला पुरुष-बाई काय कळतंय. अर्धं खरं आहे त्याचं. हे सगळं २००४ ला इंग्लंडात सुरू झालं म्हणून टॅग ब्रिटिश इंग्रजीत, आणि आता जगभर लाखो गोष्टींवर तो शब्द बसलाय, नकाशा रंगवणारी सगळी सॉफ्टवेअरं तोच शोधतात, एका रात्रीत बदलला तर टाक्या-चिमण्या कितीतरी ॲपांमधून दिसायच्याच बंद होतील. आणि आपल्या गावात नकाशा अर्धा दिसून चालत नाही. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५ ची, त्या आठवड्यात कुठला रस्ता उघडा आहे हे माहीत असणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून घाईनं सरसकट बदल मलापण नको आहे.

पण "नुसतं नाव तर आहे" हे मला पटत नाही. नुसतं नावच असेल तर बदलायचं म्हटल्यावर एवढं चिडायचं कशाला?

मी मॅनहोलचं उदाहरण दिलं. २०२३ च्या बजेटमध्ये अर्थमंत्र्यांनी सांगितलं होतं की शहरांनी मॅनहोलकडून मशीनहोलकडे जायचं, म्हणजे गटार आणि सेप्टिक टँक उपसायला मशीन, माणूस आत उतरवायचा नाही. तिथं मॅन हा शब्द अगदी शब्दशः खरा होता, माणूस उतरायचा आणि कितीजण आतच गुदमरून गेले. नाव बदललं म्हणून काम बदलत नाही, कबूल, पण नाव उच्चारलं की त्या आत उतरणाऱ्या माणसाचा विचार करावा लागतो. ह्यावर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.

खरी गंमत मराठीत आहे. मॅन मेडला आपण मानवनिर्मित म्हणतो, मानवात सगळे आले, प्रश्नच मिटला. आपली अडचण दुसरीकडे आहे. नवीन लोकांसाठी आम्ही जे मराठी माहितीपत्रक केलंय त्याच्यात पहिलीच ओळ "मित्रांनो", मग "नकाशा काढणारा", "तो आपलं खातं उघडतो". दीड पान वाचलं तरी एकदापण ती येत नाही. कॉलेजातल्या मुलींना आम्ही हेच वाचायला देतो आणि परत म्हणतो मुली येत नाहीत.

तेवढ्यात आज्जी देवळात निघाली, दारातनं म्हणाली, "येतो गं मी." इकडं बायका असंच बोलतात, मी आलो, मी जातो, मी भाकरी करतो. मीपण घरात तसंच बोलायची, पुण्यात होस्टेलला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात "आलो काय, तू मुलगा आहेस का" असं ऐकायला लागलं आणि मी गप्प राहून राहून आले, गेले, करते शिकले. ते आजूनपण टोचतंय. आज्जीचा 'येतो' कुणा पुरुषाकडनं मागून आणलेला नाही, तो तिचाच आहे. पण पत्रकातला 'तो' वाचताना मिरजेची एखादी मुलगी असं म्हणेल का, मला नाही वाटत. बोलणारी स्वतःला काय म्हणते आणि लिहिणारा दुसऱ्याला काय म्हणतो, ह्यात फरक आहे.

मग दुपारी बसून पत्रक परत लिहिलं. सोपं निघालं. "मी विहीर जोडली, मी पूल जोडला, मी देऊळ जोडलं", इथं क्रियापद विहिरीच्या, पुलाच्या, देवळाच्या मागं जातं, जोडणारं कोण ते कळतच नाही. बाकी ठिकाणी "जोडा", "तपासा", "सेव्ह करा". आणि "मित्रांनो" च्या जागी "नमस्कार". एकही वाक्य ओढूनताणून केल्यासारखं वाटत नाही. जो सगळ्यात जास्त भांडत होता त्यानंच त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून दिल्या, मला बरं वाटलं.

संध्याकाळी आम्ही दोघी बाजारातली सार्वजनिक स्वच्छतागृहं नोंदवायला गेलो. तिथं मेल आणि फीमेल असे दोन वेगळे टॅग आहेत, आणि ते वेगळेच पाहिजेत, बाहेर फिरणाऱ्या बाईला तेवढंच तर बघायचं असतं. एका ठिकाणी बायकांच्या बाजूला पाटी होती आणि दाराला कुलूप. शेजारचा फुलवाला म्हणाला, कधीतरी उघडतात. फीमेल यस टाकायला माझा हात गेला नाही. नोट लिहून ठेवलीय, मंगळवारी सकाळी परत जाऊन बघणार.